उंच मुलांनी आधी कोणाचा खेळ पाहावा: हकीम ओलाजुवान की आजचे सेंटर?

आमच्या बास्केटबॉल कोर्टवर यंदा दोन उंच मुलं आली आहेत. मुलगा अकरावीत, सहा फूट तीन इंच. मुलगी दहावीत, पाच फूट दहा. दोघांनाही रिंगखाली, म्हणजे सेंटरच्या जागी खेळायचंय आणि दोघांचा प्रश्न एकच: "सर, व्हिडिओ कोणाचे बघू?" एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या आजच्या सेंटरपैकी मुलाला वेम्बान्यामाचं वेड आहे, मुलीला योकिच आवडतो. मी हकीम ओलाजुवानचं नाव घेतलं तर मुलगा म्हणाला, "ते तीस वर्षांपूर्वीचं ना सर? तेव्हा आत्तासारखा डिफेन्स कुठे होता?"

प्रश्न रास्त आहे. बारावीचं वर्ष तोंडावर असलेल्या मुलाला दिवसातला अर्धा तास मिळतो, तो कोणावर खर्च करायचा हे ठरवायलाच हवं. माझं मत आधीच सांगतो. पाय शिकायचे असतील तर आजही हकीम. नजर शिकायची असेल तर योकिच. आजचे बाकीचे दोघे सेंटर, म्हणजे एम्बीड आणि वेम्बान्यामा, नंतर.

हकीमचा जन्म १९६३ मधला, नायजेरियातल्या लागोसचा. लहानपणी तो हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याने बास्केटबॉल हातात घेतला नव्हता. उशिरा सुरुवात केलेल्या आपल्याकडच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात ती फेरी) ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये मायकेल जॉर्डन तिसरा होता, आणि तरीही रॉकेट्सची निवड चुकली असं फारसं कोणी म्हणत नाही.

त्याच्या ज्या हालचालीला 'ड्रीम शेक' म्हणतात ती फुटबॉलमधून आली, असं त्यानेच सांगितलंय. ती नीट उलगडून बघू, कारण मुलांना त्यातला फक्त हिसका दिसतो. पाठ रिंगकडे, पास आला. त्याचा खांदा कोर्टच्या मधल्या बाजूला झुकतो, आता हुक मारणार असं वाटतं. डिफेंडरचं वजन तिकडे गेलं की हा बेसलाइनकडे (रिंगमागच्या रेषेकडे) वळतो आणि मागे झुकत जंप शॉट मारतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा डिफेंडर तो शॉट अडवायला आधीच उडी घेतो. तेव्हा हकीम शॉट फक्त दाखवतो. चेंडू डोळ्यांच्या उंचीपर्यंत वर जातो, डिफेंडर हवेत जातो, आणि हा त्याच्या काखेखालून एक लांब पाऊल टाकून ले-अप करतो.

आता व्हिडिओ थांबवा आणि त्या हुलकावणीच्या क्षणी त्याचे गुडघे बघा. चेंडू वर गेलाय, मान वर गेलीय, नजर रिंगवर आहे, पण गुडघे वाकलेलेच आहेत. आमची मुलं हुलकावणी देताना अख्खं शरीर सरळ करतात, मग पुढचं पाऊल टाकायला पायात ताकदच उरत नाही. दुसरी गोष्ट पिव्हटची, म्हणजे एक पाय जागेवर ठेवून त्यावर फिरण्याची. त्याचा पिव्हट पाय चवड्यावर फिरतो, टाच जमिनीला टेकत नाही. त्या मुलाला मी तीन आठवडे चेंडू न देता फक्त हेच करायला लावलं. आमचं कोर्ट सिमेंटचं आहे. त्याच्या डाव्या बुटाच्या चवड्याखाली आता रुपयाच्या नाण्याएवढी जागा गुळगुळीत झाली आहे. पूर्वी त्याची टाच झिजायची.

हे सगळं उभ्याने चेंडू घेऊन होतं, हा आणखी एक फायदा. फिबाने (बास्केटबॉलची जागतिक संघटना) २०१७ मध्ये ट्रॅव्हलिंगचा, म्हणजे चेंडू धरून जास्त पावलं टाकण्याचा नियम बदलला. पळताना चेंडू पकडला तर त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल आता मोजत नाहीत, त्यालाच मुलं झिरो स्टेप म्हणतात. आजच्या एनबीए खेळाडूंच्या बऱ्याच चाली अशा पावलांवर उभ्या आहेत आणि शालेय सामन्यात त्यावर कधी शिट्टी वाजते, कधी नाही. जागेवर उभं राहून पिव्हटवर फिरणाऱ्याला ही चिंता नाही.

आता "डिफेन्स कुठे होता" याचं उत्तर. १९९५ ची वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल (एनबीए फायनलच्या आधीची मालिका) बघा, ह्यूस्टन विरुद्ध सॅन अँटोनिओ. समोर डेव्हिड रॉबिन्सन, त्या मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. उंच, चपळ, उडी जबरदस्त. दुसऱ्या सामन्याआधी त्याला घरच्या मैदानावर एमव्हीपीची ट्रॉफी देण्यात आली आणि त्याच रात्री हकीमने ४१ गुण केले. सहा सामन्यांच्या त्या मालिकेत त्याची सरासरी ३५.३ होती. फायनलमध्ये तरुण शकील ओ'नीलच्या ऑर्लँडोला रॉकेट्सने ४-० ने हरवलं. आदल्या वर्षी, १९९४ च्या फायनलमध्ये, समोर न्यूयॉर्कचा पॅट्रिक युइंग होता. सलग दोन वर्षांत इतके दर्जेदार सेंटर अंगावर घेऊन कोणी विजेतेपद मिळवलं असेल तर मला आठवत नाही. १९९३-९४ च्या मोसमात तर तो एमव्हीपी, सर्वोत्तम डिफेंडर आणि फायनलचा एमव्हीपी असं तिन्ही एकदम झाला. हे अजून दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही.

तरीही मुलाच्या बोलण्यात तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. २००१ पर्यंत एनबीएत झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखण्याला) बंदी होती. डिफेंडरने आपल्या माणसाजवळ राहायचं, नाहीतर सरळ धावून डबल टीम करायची, म्हणजे दोघांनी एकाला घेरायचं; अधेमधे लटकत राहिला की नियमभंग. त्यामुळे दुसरा माणूस कुठून येणार हे हकीमला बरंचसं आधी कळायचं. आज दुसरा डिफेंडर मधेच घुटमळत असतो, येतो की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय १९९९ पासून एनबीएत रिंगकडे पाठ करून पाच सेकंदांहून जास्त ड्रिबल करत रेटता येत नाही. हकीमला त्याची फारशी गरज नव्हती, दोन ड्रिबलमध्ये त्याचं काम होऊन जायचं. पण त्याच्या काळातल्या संथ पोस्ट-खेळावर या नियमाने चाप बसला हे खरं.

पण एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. रॉकेट्सचे कोच रुडी टोमयानोविच यांनी हकीमला आत एकटं ठेवून चार जणांना बाहेर, थ्रीच्या (तीन गुणांच्या शॉटच्या) रेषेपाशी पसरवलं होतं. १९९३-९४ मध्ये एनबीएचा संघ सामन्यात थ्रीचे सरासरी दहाच्या आसपास प्रयत्न करायचा. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३७ च्या पुढे गेला. म्हणजे आज जो सगळ्यांचा खेळ आहे त्याची लहानशी आवृत्ती हकीमच्या संघाने तेव्हाच खेळून दाखवली. आजच्या मोकळ्या कोर्टवर तो आला असता तर त्याला जागा जास्तच मिळाली असती, असं मला वाटतं.

योकिचकडे वळू. सर्बियातलं सोंबोर हे त्याचं गाव, २०१४ चा ड्राफ्ट, क्रमांक ४१. त्यानंतर तीन एमव्हीपी आणि २०२३ चं विजेतेपद. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये एकूण गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास) या तिन्हींत तोच सगळ्यांच्या पुढे होता. २०२४-२५ च्या मोसमातली त्याची सरासरी: २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. हकीमची कारकिर्दीतली असिस्टची सरासरी २.५ आहे. इथे दोघांची बरोबरीच होत नाही, आणि हकीमवर कितीही प्रेम असलं तरी ते मी लपवणार नाही.

योकिच फार उंच उडत नाही, फार जोरात पळत नाही. म्हणूनच तो आपल्या मुलांच्या कामाचा आहे. फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर चेंडू घेतो, डोक्यावर धरतो आणि थांबतो. आमची मुलं चेंडू घेतला की लगेच छातीखाली आणतात आणि तिथेच गार्ड येऊन हात मारतो. योकिचचा चेंडू खाली येतच नाही. एखादा सहकारी रिंगकडे कापला की डिफेंडरने मान वळवण्याआधी पास सुटलेला असतो. त्याचा एका पायावरचा मागे झुकून मारलेला शॉट, गावाच्या नावावरून 'सोंबोर शफल' म्हणतात तो, उजव्या हाताने शॉट आणि उजव्याच पायावर उडी असा उलटा आहे. तो शिकायला मी कोणालाच सांगत नाही. डोक्यावरचा चेंडू आणि ती थांबण्याची सवय मात्र आठवडाभरात उचलता येते.

आणि आपल्याकडे याला जास्त किंमत आहे. आपण फिबाच्या नियमांनी खेळतो. झोनला मोकळीक आहे आणि पेंटमध्ये (रिंगसमोरच्या चौकटीत) डिफेंडरने किती वेळ उभं राहावं यावर एनबीएसारखं तीन सेकंदांचं बंधन नाही. शालेय गटात उंच पोरगं दिसलं की समोरचा कोच दोन-तीनचा झोन लावतो आणि तिघांना रिंगखाली उभं करतो. अशा वेळी हकीमसारखं रिंगजवळ पाठ करून उभं राहिलात तर तिघांच्या मधे अडकता. झोन फुटतो तो मधल्या पोकळीतून, फ्री थ्रो रेषेपाशी चेंडू घेऊन दोन्हीकडे पास देऊ शकणाऱ्या खेळाडूमुळे. ते काम योकिचचं. समोर मॅन-टू-मॅन असेल तर हकीम.

एम्बीडबद्दल थोडक्यात. कॅमेरूनचा हा सेंटरही उशिरा खेळायला लागला आणि हकीमचे व्हिडिओ बघत शिकला, हे त्याने स्वतः सांगितलंय. २०२३ चा एमव्हीपी. २२ जानेवारी २०२४ ला वेम्बान्यामाच्या संघाविरुद्ध त्याने ७० गुण केले. फ्री थ्रो हकीमपेक्षा कितीतरी सरस: हकीमची कारकिर्दीतली टक्केवारी ७१.२, एम्बीड आणि योकिच दोघेही ८० च्या वर. हे एम्बीडकडून जरूर घ्या. पण त्याचा बराचसा खेळ फॉल मिळवण्यावर चालतो, डिफेंडरच्या हातात हात अडकवून वर जाण्यावर. आपल्या सामन्यांत ती शिट्टी मिळेलच याचा भरवसा नाही. शिवाय दुखापतींमुळे एका मोसमात ६८ हून जास्त सामने त्याला कधी खेळता आलेले नाहीत. हकीम १८ मोसमांत १,२३८ सामने खेळला.

वेम्बान्यामाचं वेड मी समजू शकतो. सात फुटांवर काही इंच उंची, हात त्याहून लांब आणि तरी गार्डसारखा ड्रिबल. २०२४-२५ मध्ये तो सामन्याला थ्रीचे जवळपास नऊ प्रयत्न करत होता. हकीमने अख्ख्या कारकिर्दीत १२४ मारले, त्यातले २५ गेले. पण सहा फूट तीन इंचाच्या मुलाने वेम्बान्यामाची नक्कल केली तर त्याचा शॉट ब्लॉक होतो, कारण ती चाल त्या हातांच्या लांबीसाठी आहे. आणि मुलाला मी एक गोष्ट सांगितली तेव्हा तो गप्प झाला: २०२५ च्या उन्हाळ्यात वेम्बान्यामा स्वतः ह्यूस्टनला हकीमकडे शिकायला गेला होता. त्याआधी कोबी ब्रायंट गेला होता. २०११ ची फायनल हरल्यावर लेब्रॉन जेम्स गेला आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. हकीमही मोझेस मलोनसारख्या कसलेल्या सेंटरसमोर ह्यूस्टनच्या एका सार्वजनिक जिममध्ये उन्हाळाभर धडपडत शिकला होता.

डिफेन्समध्ये मात्र मी कोणाचंही ऐकणार नाही. हकीमचे ३,८३० ब्लॉक (अडवलेले शॉट) हा एनबीएचा विक्रम आहे. ब्लॉक मोजायला लागले १९७३-७४ पासून, त्यामुळे बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यात धरलेले नाहीत, हे सांगायला हवं. पण २,१६२ स्टील (हिसकावलेले चेंडू) सेंटरच्या नावावर असणं ही अजब गोष्ट आहे. दोन हजार ब्लॉक आणि दोन हजार स्टील असलेला तो एकमेव खेळाडू. १९९४ च्या फायनलचा सहावा सामना बघा. रॉकेट्स ८६-८४ ने पुढे, शेवटचे क्षण. युइंगच्या स्क्रीनवरून (डिफेंडरची वाट अडवण्याची चाल) न्यूयॉर्कचा गार्ड जॉन स्टार्क्स थ्री मारायला उठतो. तो गेला तर विजेतेपद न्यूयॉर्कचं. हकीम युइंगला सोडून बाहेर येतो, दोन लांब पावलं टाकतो आणि त्याची बोटं चेंडूला लागतात. सेंटरने स्क्रीनवर स्विच करून, म्हणजे आपला माणूस बदलून, गार्डला बाहेर अडवायचं, हे आज प्रत्येक कोच मागतो. योकिचला याच कामात सगळ्यात जास्त त्रास होतो.

मुलाला मी पाहायला दिलाय तो १९९५ च्या त्या मालिकेचा दुसरा सामना, अख्खा. मिनिटभराच्या क्लिपमध्ये चेंडू रिंगमध्ये जाताना दिसतो, पण त्याआधी हकीम जागा कशी पकडतो, पास आला नाही की पुन्हा कसा उभा राहतो, ते कापलेलं असतं. आवाज बंद करायचा आणि फक्त कमरेखाली बघायचं. मुलीच्या गटात मात्र समोर जवळजवळ रोज दोन-तीनचा झोनच असतो, म्हणून तिची सुरुवात मी योकिचपासून करून दिली आहे, २०२३ च्या फायनलचे सामने. चेंडू डोक्यावर असताना तो किती वेळा पास न देता थांबतो, ते वहीत मोजून आणायला सांगितलंय. पावसाळा संपला की दोघांची अदलाबदल करायची.