गच्चीवरची सौर यंत्रणा: पॅनेल उत्तम, केबलमध्ये काटकसर

सिंहगड रस्त्यावरील आमच्या अकरा मजली सोसायटीने लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांच्यासाठी 30 किलोवॅटची सौर यंत्रणा एका स्थानिक कंत्राटदाराकडून बसवून घेतली. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये, म्हणजे आमच्या बाबतीत 5 लाख 40 हजार रुपये अनुदान मिळते. त्याची कागदपत्रे आणि नेट मीटरचा (बाहेरून घेतलेल्या व बाहेर दिलेल्या विजेची नोंद ठेवणाऱ्या मीटरचा) अर्ज कंत्राटदाराने बिनचूक केला. सांगाडा भक्कम आहे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कुठेही धक्का लागलेला नाही.

तक्रार सुरू होते ती उन्हाळ्यापासून. एप्रिलमधील निरभ्र रविवारी, म्हणजे उत्पादन सर्वाधिक असायला हवे तेव्हाच, ॲपवरील आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागला. पॅनेलची वीज वापरायोग्य करून ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडणारा इन्व्हर्टर बंद पडे, थोड्या वेळाने आपोआप सुरू होई आणि पुन्हा बंद पडे. कंत्राटदाराच्या विक्री प्रतिनिधीचे उत्तर ठरलेले होते: ‘ग्रिडचा प्रॉब्लेम आहे, आमच्याकडून सगळं ओके आहे.’

हे अर्धेच खरे होते. सौर वीज रोहित्राकडे उलट वाहू लागली की केबलच्या रोधामुळे आपल्या टोकाचा विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो, आणि परिसरात अनेक गच्च्यांवर पॅनेल असतील व दुपारी वापर कमी असेल तर तो आणखी चढतो. 230 व्होल्टच्या दहा टक्के वर, म्हणजे 253 व्होल्टच्या पुढे, इन्व्हर्टरने ग्रिडपासून अलग व्हावे असा नियमच आहे. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने ऐन दुपारी मोजले तेव्हा मीटररूममध्ये 249 आणि गच्चीवर इन्व्हर्टरपाशी 255 व्होल्ट भरले. मधले सहा व्होल्ट ग्रिडचे नव्हते. कंत्राटदाराने गच्चीपासून तळमजल्यापर्यंत टाकलेल्या 16 चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम केबलचे होते.

हे आकडे समोर ठेवल्यावर मात्र कंत्राटदार कंपनीने पाठवलेला अभियंता जाणकार निघाला, हे नमूद करायलाच हवे. त्याने केबल 35 चौरस मिलिमीटरची करून घेतली, त्यामुळे तो फरक निम्म्याहून कमी झाला. दाब वाढताच पूर्ण बंद पडण्याऐवजी उत्पादन हळूहळू कमी करण्याची सोय इन्व्हर्टरमध्ये आधीपासूनच होती, ती त्याने सुरू केली. (ती पहिल्या दिवशीच का सुरू नव्हती, हे विचारल्यावर तो नुसता हसला.) पहाटे चालणारे पंप दुपारी चालवण्याचा सल्लाही त्याचाच, वीज जागेवरच खर्ची पडली की बाहेर कमी जाते आणि दाबही आटोक्यात राहतो.

देशपातळीवर दुखणे याच जातीचे आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, त्याची वीज दूरवर नेणाऱ्या पारेषण वाहिनीला त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणूनच 2025 मध्ये राजस्थानात वाहिन्या अपुऱ्या पडून भर दुपारची सौर वीज कापावी लागली. तिथे उपाय वाहिन्यांचा आणि साठवणुकीचा आहे; आमच्या जिन्यात तो एका जाड केबलचा होता.

पॅनेल आणि कागदपत्रांसाठी पाचपैकी साडेचार गुण, विक्रीपश्चात सेवेला तीन, पहिल्या आराखड्याला जेमतेम दीड. नवी केबल कंपनीने स्वखर्चाने दिली, पण मजुरी आमच्याकडून घेतली, हे पटले नाही. याच कंत्राटदाराकडून यंत्रणा घेणार असाल तर कोटेशनमध्ये केबलचा आकार, तिची लांबी आणि पूर्ण उत्पादनाच्या वेळी अपेक्षित दाबवाढ हे तिन्ही आकडे लेखी मागून घ्या.