आरसी सर्किटचं सरासरी व्होल्टेज: कागद, मीटर की स्कोप?

आर्डुइनो बोर्डाच्या पीडब्ल्यूएम पिनला (जी झपाट्याने चालू-बंद होत पल्स देते) रेझिस्टर-कपॅसिटर, म्हणजे आरसी सर्किट, जोडून डीसी काढायचंय आणि ते सरासरी किती येईल हे हवंय? मग नागपूरच्या बर्डीवर स्कोपचे (ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) भाव विचारत फिरण्याआधी कागद घ्या.

सर्किट स्थिरावलं की कपॅसिटरमध्ये दर सायकलला जेवढा चार्ज जातो, तेवढाच बाहेर येतो. म्हणजे रेझिस्टरमधला सरासरी करंट शून्य, आणि त्याच्यावरचं सरासरी व्होल्टेजही शून्य. पल्सची जी सरासरी, तीच कपॅसिटरची. 5 व्होल्ट, 25 टक्के ड्यूटी सायकल (पल्स चालू असण्याचा वाटा): 1.25 व्होल्ट. आर आणि सीच्या किमती यात येतच नाहीत. त्या फक्त रिपल, म्हणजे व्होल्टेजची वरखाली, ठरवतात. 490 हर्ट्झला 10 किलोओहमसोबत 10 मायक्रोफॅरड लावा, रिपल 19 मिलिव्होल्टच्या आसपास. 0.1 मायक्रोफॅरड लावा, तोच 1.8 व्होल्ट. सरासरी मात्र 1.25च.

कागद फसतो तो लोड, म्हणजे कपॅसिटरमधून करंट घेणारं काही, जोडल्यावर. 10 किलोओहमचा लोड आला की सरासरी थेट निम्मी, 0.625. ओपन कलेक्टर आउटपुट असेल (जे फक्त खाली खेचतं; वर खेचायला 10 किलोओहमचा वेगळा पुल-अप रेझिस्टर लागतो) तर आणखी गंमत: चार्ज पुल-अपसकट 20 किलोओहममधून, डिस्चार्ज 10 मधून. कपॅसिटर मोठा असला तर 1.25 च्या जागी जेमतेम 0.71 मिळतात.

अशा वेळी साधा डिजिटल मल्टीमीटर, डीसी रेंजवर. बहुतेकांचा इनपुट 10 मेगाओहम असतो, त्यामुळे 10 किलोओहमला चूक नगण्य. पण रेझिस्टर 1 मेगाओहमचा घेतलात तर मीटरच लोड होतो आणि 1.14 दाखवतो. त्यात कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा असेल तर 1 मायक्रोअँपिअर गळतीही आख्खा व्होल्ट खाऊ शकते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ही गळती वाढतेच.

स्कोप रिपल बघायला उत्तम, सरासरीसाठी जपून. वरचं आणि खालचं टोक वाचून मध्य काढायची सवय अनेकांना असते. वरच्याच 0.1 मायक्रोफॅरडला टोकं 2.30 आणि 0.50, मध्य 1.40, खरी सरासरी 1.25. स्कोपचं ‘मीन’ मापन पूर्ण सायकलींवर घ्या, आणि स्कोपच्या इनपुटचं कपलिंग एसीवर नको, डीसीवर ठेवा, नाहीतर सरासरीच गायब.

माझं मत विचाराल तर लोड हलका असेल तर कागद आणि मीटर, बस्स. पिनचं ‘हाय’ मात्र मोजून घ्या; यूएसबीवर ते 4.8 भरलं तर उत्तर 1.2 येणार. सर्किटमध्ये डायोड असेल तर मात्र सिम्युलेशनच करा, आणि पहिल्या पाच टाइम कॉन्स्टंटचे (एक म्हणजे आर गुणिले सी) आकडे सोडून द्या.