ॲप्लिकेशन क्रॅश झालं आणि परत उघडेना: रिस्टार्ट, सेटिंग, रिइन्स्टॉल की फॉरमॅट?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या पेढीवरचं हिशेबाचं टॅली असो, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं ड्रॉइंगचं कॅड असो की लग्नपत्रिका छापणाऱ्याचं कोरलड्रॉ, प्रोग्राम बंद पडून परत उघडेनासा झाला की सल्ला बहुतेक एकच मिळतो: "फॉरमॅट मारून घ्या." बऱ्याचदा तो चुकीचा असतो. या चार उपायांपैकी प्रत्येक जण वेगळ्या जागचा बिघाड काढतो. जागा न शोधता केलेला उपाय म्हणजे अर्धा दिवस वाया.

रिस्टार्ट सगळ्यात स्वस्त, पण तो नीट करायला हवा. पुष्कळदा क्रॅश झालेला प्रोग्राम पडद्यावरून जातो, मेमरीत मात्र अडकून राहतो. तुम्ही आयकॉनवर पुन्हा क्लिक केलं की त्याला "मी आधीच चालू आहे" असं वाटतं आणि तो गप्प बसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये त्याचं नाव शोधा आणि एंड टास्क करा. तिथे नाव नसेल तर रिस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउनच्या वेळी ड्रायव्हर आणि सिस्टीमच्या सर्व्हिस डिस्कवर जशाच्या तशा जपून ठेवल्या जातात आणि सकाळी त्याच परत उचलल्या जातात. अडकलेला डोंगलचा (लायसन्सच्या यूएसबी चावीचा) किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणूनच "रात्री बंद केलं होतं की" म्हणूनही सुटत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर रिइन्स्टॉलकडे धावण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करा. सेटिंग्जमधून अकाउंट्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचं एक नवीन लोकल युजर अकाउंट बनवा, त्यात लॉगिन करा आणि तोच प्रोग्राम उघडा. तो तिथे उघडला तर प्रोग्राम धडधाकट आहे, बिघाड तुमच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही पडला तर दोष प्रोग्राममध्ये किंवा विंडोजमध्ये. टेलिग्रामसारखे काही प्रोग्राम त्या-त्या युजरच्या फोल्डरातच बसतात, ते नव्या अकाउंटमध्ये दिसणारच नाहीत. बाकीच्यांसाठी या चाचणीइतकं पटकन उत्तर दुसरं कशातून मिळत नाही.

आता सेटिंग आणि रिइन्स्टॉल शेजारी ठेवून बघा, कारण खरी गल्लत इथेच होते. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी युजरच्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरातली त्याची सेटिंग बहुधा तशीच राहतात. वीज गेली त्या क्षणी नेमकी सेटिंगची फाइल लिहिली जात असेल तर ती अर्धवट राहते, आणि प्रोग्राम प्रत्येक वेळी तीच वाचून कोसळतो. पावसाळ्यात यूपीएस नसलेल्या मशीनवर हे हमखास घडतं. अशा वेळी तीनदा रिइन्स्टॉल केलं तरी नवा प्रोग्राम तीच मोडकी फाइल उघडणार.

यावर प्रत्येक प्रोग्रामची वाट वेगळी आहे. कोरलड्रॉ सुरू होताना एफ८ दाबून धरलं की वर्कस्पेस मूळ स्थितीत येते. तुम्ही बसवलेले शॉर्टकट मात्र जातात. फोटोशॉपला सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र धरा, सेटिंग काढून टाकू का असं तो विचारतो. एक्सेल किंवा वर्डच्या आयकॉनवर कंट्रोल धरून क्लिक केलं तर सेफ मोडची विचारणा होते. सेफ मोडमध्ये उघडलं म्हणजे बहुधा एखादं ॲड-इन (वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) दोषी. ऑप्शन्समधल्या ॲड-इन्समध्ये जाऊन ती एकेक करून बंद करा. डिफॉल्ट प्रिंटर बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर असेल तरी एक्सेल सुरू होताना अडकू शकतं. मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ हा तात्पुरता डिफॉल्ट करून बघा. यापैकी काही लागू नसेल तर ॲपडेटामधल्या त्या प्रोग्रामच्या फोल्डरचं नाव बदला, पण पुसू नका. थंडरबर्डचे ईमेल आणि ब्राउझरचे बुकमार्क तिथेच असतात.

रिइन्स्टॉल कधी? नव्या अकाउंटमध्येही प्रोग्राम पडला तर. त्याआधी स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" शोधा. उघडणाऱ्या आलेखात लाल खुणेवर क्लिक केलं की दोषी मॉड्यूलचं, म्हणजे ज्या फाइलमुळे प्रोग्राम पडला तिचं नाव दिसतं. हेच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रॅशसाठी १००० आणि हँगसाठी १००२ या क्रमांकाखाली सापडतं. मॉड्यूल ग्राफिक्स ड्रायव्हरचं असेल तर ड्रायव्हर बदला, प्रोग्रामला हात लावू नका. कॅडच्या बाबतीत हे नेहमीचं. व्हिज्युअल सी++ ची फाइल दिसली तर त्याचं रीडिस्ट्रिब्युटेबल ३२ आणि ६४ बिट दोन्ही बसवा. अँटिव्हायरसनं एखादी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली असेल, तर रिइन्स्टॉलनंतर तो ती पुन्हा उचलेल. विंडोज सिक्युरिटीचा प्रोटेक्शन हिस्टरी आधी बघा. ऑफिससाठी पूर्ण काढून घालण्यापेक्षा क्विक रिपेअर, मग ऑनलाइन रिपेअर. ऑनलाइन रिपेअरला चांगलं नेट लागतं.

टॅली उघडतं, पण ठरावीक कंपनी उघडली की मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन, कोड सी००००००५ येतो? मग संशय आधी डेटावर घ्या, रिइन्स्टॉलनं डेटा दुरुस्त होत नाही. त्या कंपनीच्या आकडी नावाच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि मगच कंट्रोल, ऑल्ट, आरनं रीराइट करा, म्हणजे टॅली तो डेटा नव्यानं लिहून काढतं. प्रत न घेता रीराइट कधीही नको.

फॉरमॅटचं वजन वेगळं. अनेक असंबंधित प्रोग्राम पडत असतील, सिस्टीम फाइल तपासणीही अपुरी पडली असेल किंवा व्हायरस मुरला असेल, तर तो योग्य. पण प्रत्येक क्रॅशला वेगळंच मॉड्यूल दिसत असेल तर रॅमवर संशय घ्या. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर लावा. रॅम किंवा डिस्क मरत असेल तर फॉरमॅटनंतर आठवड्यात तुम्ही तिथेच परत याल. शिवाय फॉरमॅटमध्ये जे जातं ते आठवणीत नसतं: फॉन्ट्स फोल्डरातले मराठी फॉन्ट, डीएससी (डिजिटल सही) टोकनचा ड्रायव्हर, डेस्कटॉपवरच्या फाइल. टॅलीचं लायसन्स फॉरमॅटआधी सरेंडर करा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा फॉरमॅट करायचाच असेल तर मशीन ११ ला चालतं का ते आधी बघा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो.

आणि आज २० तारीख असेल, जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा असेल, तर दुरुस्ती उद्यावर ढकला. चाचणीसाठी बनवलेल्या नव्या अकाउंटमध्ये टॅली उघडत असेल तर आजचं काम तिथेच उरका. टॅलीप्राइमचा डेटा मूळ जागी, म्हणजे पब्लिक फोल्डरात असेल तर तो तिथूनही दिसतो.