क्वेचर्स एक्स्ट्रॅक्शन किट: रक्ताला झकास, लिव्हरला अपुरं (३/५)

पोस्टमॉर्टेमच्या रक्तात आणि लिव्हरमध्ये अँटिसायकॉटिक औषधं मोजायला आम्ही हे किट वापरतोय. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण अशी बरीच किटं मिळतात आणि बहुतेक मुद्दे सगळ्यांनाच लागू पडतील. क्वेचर्स म्हणजे सॅम्पलमधलं रसायन सॉल्व्हंटमध्ये खेचून साफ करायची झटपट पद्धत, मूळची फळं-भाज्यांतली कीटकनाशकं शोधायची, २००३ मधली, टॉक्सिकॉलॉजीवाल्यांनी (विषांची तपासणी करणाऱ्यांनी) नंतर उचलली.

रक्तासाठी खरंच सुटसुटीत आहे. ड्युटेरेटेड इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घातलेलं, जड हायड्रोजनवालं तेच औषध) टाका, ॲसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट, मग सॉल्टचं पाकीट, आणि पाकीट टाकल्या टाकल्या जोरात हलवा नाहीतर मॅग्नेशियम सल्फेटचा दगड होतो आणि ट्यूब गरमही होते, मग सेंट्रिफ्यूज करून वरचा थर क्लीनअपला (नको ते घटक काढायला) आणि तिथून एलसी-एमएस-एमएसला, म्हणजे औषध ओळखून मोजणाऱ्या मशीनला. क्लोझापिन, क्वेटियापिनला काहीच त्रास नाही. हॅलोपेरिडॉल नेहमीच्या डोसला रक्तात मिलीला जेमतेम १ ते १० नॅनोग्रॅम असतं, तिथे एक्स्ट्रॅक्ट सुकवून कॉन्सन्ट्रेट करावंच लागतं. ऑलान्झापिन कमी आलं तर लगेच किटला शिव्या घालू नका, ते ऑक्सिडाइझ होऊन सॅम्पलमध्येच नष्ट होतं, एस्कॉर्बिक ॲसिड घालून बघा.

लिव्हरला मात्र दम लागतो. क्लीनअप ट्यूबमध्ये नुसती पीएसए पावडर, फॅट धरून ठेवणारी सी-१८ पावडर नाहीच, त्यामुळे फॅट आणि फॉस्फोलिपिड बरंच पुढे जातं आणि सिग्नल दबतो. आम्ही स्टँडर्ड ॲडिशन करतो (त्याच सॅम्पलमध्ये औषधाच्या ठरावीक मात्रा घालून मोजतो), वेळ जातो पण आकड्यावर भरवसा ठेवता येतो. शिवाय आपल्याकडे व्हिसेरा (पोस्टमॉर्टेममध्ये काढलेले अवयव) येतो मिठाच्या सॅच्युरेटेड पाण्यात, औषध थोडंफार त्या पाण्यातही उतरतं, त्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही. परदेशी किट, त्यांना काय माहीत आपल्या बरण्या.

खरा राग किटसोबत येणाऱ्या लॅमिनेटेड कार्डावर. क्लोझापिन ३५० ते ६००, क्वेटियापिन १०० ते ५००, ऑलान्झापिन २० ते ८० नॅनोग्रॅम पर मिली, आणि शेजारी लाल रंगात 'टॉक्सिक'. रेंज बरोबर आहेत हो, पण जिवंत पेशंटच्या, डोसनंतर १२ तासांनी काढलेल्या रक्ताच्या! मेल्यावर ही औषधं लिव्हर, फुप्फुसातून सुटून हार्टच्या रक्तात येतात, तिथला आकडा मांडीच्या शिरेतल्या रक्तापेक्षा बराच जास्त निघू शकतो. नवा मुलगा कार्ड बघून सरळ ओव्हरडोस लिहून मोकळा होईल आणि पुढे कोर्टात वकील त्याची सालं काढेल. सॅम्पल कुठून घेतलं, माणूस किती वर्षं गोळ्या खात होता, लिव्हरमध्ये किती आहे, हे सगळं एकत्र बघितल्याशिवाय त्या लाल रंगाला अर्थ नाही. आमच्याकडे कार्ड बॉक्समधून काढूनच टाकतो.

किंमत जास्त वाटली, पण सॉल्व्हंट आणि वेळ वाचतो, म्हणून रक्ताच्या केसेस भरपूर असतील तर घ्या. फक्त लिव्हरच करायचं असेल तर सी-१८ वाल्या ट्यूब वेगळ्या मागवा. आणि पावसाळ्यात सॉल्टची पाकिटं डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, मुंबईच्या हवेत उघडी राहिली की ओलावा धरतात.