क्राफ्ट पद्धत घरात वापरताना : व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी काही महिन्यांचा अनुभव

घरातला एक माणूस दारू पितो आणि उपचाराचे नाव काढले की उठून जातो, अशा वेळी बाकीच्यांनी नेमके काय करायचे, या प्रश्नाला उत्तर देणारी एक पद्धत आम्ही गेले काही महिने घरात वापरत आहोत. तिचे पूर्ण नाव ‘कम्युनिटी रिइन्फोर्समेंट अँड फॅमिली ट्रेनिंग’ असे आहे. समुपदेशक तिला थोडक्यात ‘क्राफ्ट’ म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर्स यांनी ती घडवली. तिचे मूळ हंट आणि अझ्रिन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या उपचारात आहे, आणि त्या उपचाराचा गाभा असा की माणसाला न पिता जगणे हे पिण्यापेक्षा अधिक हवेसे वाटले पाहिजे. आमच्याकडे पिणारा माझा थोरला भाऊ आहे. प्रशिक्षण घेतले ते वहिनीने आणि मी, आईने अर्धेमुर्धे.

या पद्धतीची शिफारस करताना सगळे जण १९९९ च्या एका अभ्यासातील आकडा पुढे करतात. १३० कुटुंबीयांना तीन वेगवेगळ्या मार्गांनी मदत देण्यात आली. उपचाराला तयार नसलेली माणसे उपचारापर्यंत आणण्याचे प्रमाण क्राफ्टमध्ये ६४ टक्के, अचानक सर्वांनी एकत्र बसवून समज देण्याच्या जॉन्सन पद्धतीत ३० टक्के आणि अल-अ‍ॅनॉन या दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या स्वयंसहाय्य गटाच्या मार्गाने १३ टक्के निघाले. आकडा प्रभावी आहे, पण तो नीट वाचायला हवा. ६४ टक्के माणसांनी उपचार सुरू केले, दारू सोडली असे नव्हे. शिवाय १९५१ पासून चालत आलेल्या अल-अ‍ॅनॉनचा उद्देशच घरच्यांना सावरणे हा आहे, पिणाऱ्याला दवाखान्यात नेणे हा नाही; त्यामुळे ती तुलना मला थोडी अन्यायाची वाटते. त्याच अभ्यासात तिन्ही गटांतील कुटुंबीयांची स्वतःची मनःस्थिती जवळपास सारखीच सुधारली होती, ही गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींपासून होते. पिण्याचा एक नेहमीचा प्रसंग निवडायचा आणि तो कोणासोबत, कुठे, किती वाजता घडतो, त्याआधी मनात काय चाललेले असते, पिऊन लगेच काय मिळते आणि नंतर काय गमवावे लागते, हे दिलेल्या तक्त्यात लिहून काढायचे. वहिनीला हे सुरुवातीला अजिबात पटले नाही. “त्यांना प्यायला काय, निमित्तच लागत नाही,” असे ती म्हणाली. काही आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की वरिष्ठांबरोबरची बैठक ज्या दिवशी असते, त्या दिवशी दादा कामावरून परस्पर मित्राकडे जातो, आणि तसे ठरले असले की दुपारच्या फोनवर तो एकेका शब्दात उत्तरे देतो. ही खूण कळल्यामुळे पिऊन आल्यावर भांडण्याऐवजी दुपारीच काही करता येऊ लागले. त्या दिवशी कामाच्या ठिकाणीच त्याला गाठायचे, सोबत यायचे, वाटेत त्याला बोलू द्यायचे. दर वेळी जमले असे नाही, पण जमले तेव्हा ती संध्याकाळ कोरडी गेली.

पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कठीण वाटला. दादा शुद्धीत असेल तेव्हा त्याच्यासोबत बसायचे, गप्पा मारायच्या, त्याला आवडणारे काही करायचे. तो पिऊन आला की आदळआपट न करता ती सोबत आणि गप्पा थांबवायच्या आणि दुसऱ्या खोलीत जायचे. त्याचबरोबर त्याच्या पिण्याचे परिणाम आपण निस्तरायचे नाहीत. ‘ताप आला आहे’ असा फोन त्याच्या कामावर करायचा नाही, उधारी भागवायची नाही, अंगणात पडलेली गाडी सकाळी तो उठायच्या आत सरळ करून ठेवायची नाही. नातेवाईक याला निर्दयपणा म्हणतात. पण जिवाला धोका असेल तिथे हा नियम लागू होत नाही, हे समुपदेशकांनी बजावून सांगितले होते. बेशुद्धावस्थेत उलटी होत असेल तर माणसाला कुशीवर वळवायचे आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवायची, तिथे धडा शिकवायला जायचे नाही.

बोलण्याचा सराव तर अक्षरशः पाठांतरासारखा करून घेतात. वाक्य थोडक्यात हवे, एकाच गोष्टीबद्दल हवे, त्यात आपली भावना हवी आणि मदतीची तयारी हवी. “तुम्ही कधीच घरी वेळेवर येत नाही” याऐवजी वहिनी म्हणायला शिकली, “काल तुम्ही न पिता आलात, मला फार बरं वाटलं, कामावर ताण आहे हे कळतंय मला, उद्या मी घ्यायला येऊ का?” पहिल्यांदा ऐकून दादाने “हे कुठून शिकून आलीस?” असे विचारले. तरी तो उठून गेला नाही.

उणिवांबद्दलही लिहिले पाहिजे. आम्हाला मिळालेल्या तक्त्यांची रचना एकट्या कुटुंबीयाला धरून केलेली होती. आमच्या घरात तिघी होतो, आणि वहिनीने बंद केलेले पैसे आई गुपचूप देत राहिली तोवर सगळी मेहनत पाण्यात जात होती. आईचे मन वळवण्यातच बराच काळ गेला, आणि त्यासाठी तक्त्यांमध्ये काहीच नव्हते. ज्या घरात मारहाण होते तिथे आधी सुरक्षिततेची योजना आखावी लागते; ती नसताना हे प्रयोग करणे धोक्याचे आहे.

वैद्यकीय बाजू वेगळीच समजून घ्यावी लागली. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर साधारणपणे पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. त्यामुळे खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा मावशीचा सल्ला आम्ही साफ नाकारला. दारू सोडवणारे औषध जेवणातून नकळत देण्याचा सल्लाही अनेकांनी दिला. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो आणि क्वचित मृत्यूही ओढवतो, म्हणून ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

दादा उपचाराला तयार झाला तो कोणत्याही मोठ्या बैठकीत नव्हे, तर स्वतःच्या हाताची थरथर पाहून एका सकाळी वैतागला तेव्हा. अशी तयारी फार टिकत नाही, म्हणून डॉक्टरांची वेळ लगेच मिळेल अशी सोय आधीच करून ठेवायला आम्हाला शिकवले होते, आणि या एका सूचनेसाठी मी पद्धतीला पूर्ण गुण देईन. दुसऱ्याच दिवशी तो दाखल झाला. घरी परतल्यानंतर तो पुन्हा प्यायलाही. त्यानंतर काय करायचे हा भाग आमच्या प्रशिक्षणात तोकडा होता. दादा आणि वहिनी दोघांना एकत्र बसवून समुपदेशक तो भाग आता भरून काढत आहेत, आणि प्रसंगाचे तक्ते यावेळी दादा स्वतः लिहितो.