‘रीफ बफर’ म्हणून अठराशे रुपयांचा खायचा सोडा

सॉल्टवॉटर टँकचा, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा, पीएच कमी आहे म्हणून कोणी तुमच्या गळ्यात पांढऱ्या पावडरचा डबा मारत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

माझा टँक २०० लिटरचा. त्यात झोआ, मशरूम आणि एक लेदर ही कोरल, म्हणजे प्रवाळं, आणि क्लाउनफिशची जोडी. उन्हाळ्यात हॉलचा एसी दिवसरात्र चालू, खिडक्या बंद. ज्याच्याकडून मी मीठ घेतो तो दुकानदार सकाळी आठला घरी आला, पाण्यात पीएच पेन बुडवला आणि ७.७ चा आकडा माझ्यासमोर धरला. "सर, आठ दिवसांत कोरल वितळतील." लगेच बॅगेतून डबा निघाला. ‘इम्पोर्टेड रीफ बफर’, पीएच ८.३ ला लॉक करतो म्हणे. अर्ध्या किलोचे अठराशे रुपये. बिल? "व्हॉट्सअ‍ॅप करतो." ते आजतागायत आलेलं नाही.

सकाळची वेळ लक्षात घ्या. रात्री अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण टँकमधल्या सगळ्यांचं श्वसन चालूच असतं. त्यामुळे दिवे लागण्याआधी पीएच दिवसातला सर्वात कमी असतो, संध्याकाळी आपोआप चढतो. ७.८ ते ८.४ मध्ये रीफ टँक, म्हणजे कोरलचे टँक, व्यवस्थित चालतात. पहाटेचा ७.७ म्हणजे घात नव्हे, पण घाबरवायला तो आकडा पुरतो.

पावडर पडत राहिली, पीएच जेमतेम हलला. फोन केला की एकच उत्तर, "डोस वाढवा सर, दुसरा डबा पाठवू का?" तोवर केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, ८ वरून १४ वर गेला होता. हीटरवर नखाने खरवडूनही न निघणारा पांढरा थर, रिटर्न पंपाची घरघर, झोआ दिवसभर मिटलेल्या. लेदर कोरल तर मान टाकून बसलं होतं. त्याला तसं बघणं फार जिवावर यायचं.

मग दोन बादल्या घेतल्या, प्रत्येकीत २० लिटर ताजं मिठाचं पाणी. एकीत ३ ग्रॅम ‘बफर’, दुसरीत किराणा दुकानातला ३ ग्रॅम खायचा सोडा. दोन्हीकडे केएच ५ नेच चढला. निर्जल धुण्याचा सोडा असता तर तेवढ्याच वजनात जवळजवळ ८ ने चढला असता आणि पीएचही सरळ वर गेला असता. खायच्या सोड्याने केएच वाढतो, पीएच फारसा नाही. डब्यात काय होतं ते यावरून उघड झालं. खायचा सोडा टँकमध्ये टाकणं चूक नाही, केएच कमी असेल तर बरेच जण टाकतात. पण तो इम्पोर्टेड औषध म्हणून, नको त्या दुखण्यावर विकणं ही शुद्ध लबाडी आहे.

दुखणं घरातल्या हवेचं होतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो. बंद घरात माणसं आणि गॅसची शेगडी मिळून तो सहज हजारावर नेतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. हा वायू पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं आणि पीएच उतरतो.

हे घरी फुकट तपासता येतं. टँकचं ग्लासभर पाणी घ्या, पीएच मोजा. ग्लास बाल्कनीत नेऊन एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा, पुन्हा मोजा. चढला तर दोष खोलीतल्या हवेचा. पेन आधी ७ आणि १० च्या द्रावणांवर कॅलिब्रेट करून घ्या. माझ्याकडे ७.७ चा ८.१ झाला. स्किमरची (बुडबुडे सोडून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली आणि सकाळचा आकडा ८ च्या आसपास राहू लागला. पाणी थोडं थोडं बदलत केएच खाली आणला, एकदम नाही, कारण तो झटका कोरलना सोसत नाही. झोआ उघडल्या. लेदर अजून पूर्ण सावरलेलं नाही.

बादल्यांचे आकडे दाखवल्यावर दुकानदार म्हणाला, "त्यात आमचं सीक्रेट मिनरल आहे." पैसे परत नाहीत. डबा नीट पाहिला तर त्यावर ना उत्पादकाचं नाव-पत्ता, ना महिना-वर्ष, ना एमआरपी. पाकीटबंद मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. डब्याचे फोटो आणि यूपीआयची पावती जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे असा डबा असेल तर फेकू नका, लेबलचा फोटो काढून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.