ढकला, ओढा, सरकवा

जूनमध्ये होड्या वर ओढल्या की मालवणात आमची चौकडी पडवीत फासे घेऊन बसते. यंदा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून राक्षसांशी लढायच्या काल्पनिक साहसखेळाच्या चौथ्या आवृत्तीचं (२००८) खेळाडूंचं पुस्तक जुन्यात मिळालं. सगळं मोजमाप चौकोनी घरांत, त्यामुळे वाचताना कधीकधी पाढे वाचल्यासारखं वाटतं. पण जबरदस्तीच्या हालचालीचे नियम झकास!

ढकललं तर प्रत्येक घराला शत्रू लांब गेला पाहिजे, ओढलं तर जवळ आला पाहिजे, सरकवलं तर दिशा तुमच्या मर्जीची. असा हललेल्यावर जाता जाता फुकटचा वार करता येत नाही. चिखल-दगडगोटेही त्याला अडवत नाहीत.

खरी मजा कड्यावर. आमचा गॉब्लिन (खेळातला बुटका राक्षस) म्हणजे एक सुपारी, अगदी काठाला. आतेभावाने ढकलली आणि ‘गेलो!’ म्हणून टाळी मागितली. मी पुस्तक उघडलं. खाली जाण्याआधी बचावाचा फासा, वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा जास्त आले तर तो काठावरच आडवा. आले नेमके दहा.

“मगे माझा ढकलणा फुकट गेला काय रे?”

फुकट कसलं, आडवा पडलाय, हाण की! पण तो चहा गार होईस्तोवर भांडला. त्याला पाचवी आवृत्ती सवयीची, तिथे कड्यासाठी असा सरसकट बचाव नाही.

पुस्तकाची बांधणी मजबूत आहे. पावसाळी दमटपणाने कोपरे मात्र वळलेत, आता ते तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवतो.